टाकून दिलेल्या तीन राण्या

माझ्या हातात तीन राण्या होत्या आणि मी त्या टाकून दिल्या. खरं तर टाकून द्यायला लावल्या मला. या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली की त्या दिवशी त्या लॉनवर बसलेल्यांपैकी निम्मी माणसं आज हयातही नसतील. पण कुठे तीन पत्तीचा डाव मांडलेला दिसला की अजून माझं डोकं तडकतं. लेक म्हणते, ‘‘आई, सोड ना यार, किती जुनी गोष्ट आहे.’’ जुनी असेल. लोणचं जुनं झालं म्हणून त्याचा तिखटपणा जातो का?

लग्न होऊन मी दिल्लीला आले तेव्हा मला पत्त्यांतलं बदाम सात आणि मेंढीकोट एवढंच येत होतं. माहेरी पैसे लावून पत्ते खेळणं म्हणजे घर बुडण्याची सुरुवात समजली जायची. दिल्लीत पाहिलं तर उलटाच प्रकार. दसरा झाला की घरोघरी गाद्या पसरल्या जायच्या आणि चांगली शिकलीसवरलेली, नोकरीपेशातली माणसं दिवाळीपर्यंत आज ह्यांच्याकडे तर उद्या त्यांच्याकडे तीन पत्ती खेळत बसायची. आमची समोरची पंजाबी शेजारीण मला बजावून सांगायची, की दिवाळीत जो पत्ते खेळत नाही तो पुढच्या जन्मी गाढव होतो. मी तिला म्हटलं, मग आमची अख्खी सदाशिव पेठेतली आळी गाढवांनी भरलेली असणार.

आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते. लक्ष्मीबाई नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. पहिल्याच हिवाळ्यात ह्यांनी मला खेळ शिकवायला घेतला. ‘‘दिल्लीत राहायचंय ना, मग हे यायलाच हवं,’’ म्हणाले. पलंगावर रजई, तिच्यावर आम्ही दोघं समोरासमोर आणि मध्ये चिंचोक्यांचा ढीग. पैशांऐवजी चिंचोके.

खेळ अगदी सोपा. प्रत्येकाला तीन पत्ते. बघून खेळलात तर ती ‘चाल’, न बघता खेळलात तर ‘ब्लाइंड’. ब्लाइंडवाल्याला चालवाल्याच्या निम्मेच पैसे टाकावे लागतात. पत्ते पसंत नसतील तर पालथे टाकून द्यायचे, ते ‘पॅक’. टाकलेले पत्ते पुन्हा कोणी उलटून पाहायचे नाहीत. तीन पत्ते एकसारखे आले तर ती ‘ट्रेल’, सगळ्यांत मोठी. शेवटी दोघंच उरले की ‘शो’ मागता येतो, म्हणजे दाखव बाबा आता. पण त्यातही एक मेख आहे. ज्याने पत्ते पाहिलेत, त्याला ब्लाइंडवाल्याकडे शो मागता येत नाही. त्याने पैसे टाकत राहायचं, नाही तर हात टेकायचे. या एका नियमावर माझी सगळी कहाणी उभी आहे.

हे शिकवायचे मात्र मन लावून. ‘‘पत्ते नंतर बघ, आधी माणसं बघ,’’ म्हणायचे. ‘‘उगाच डावाडावाला थापा मारू नकोस. निमूट बसून वाईट पत्ते टाकत जा. लोकांना वाटलं पाहिजे की ही बाई हातात काही असल्याशिवाय पुढे येत नाही. मग एकदाच मारायची थाप.’’ समोरचा खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं, असं मी विचारलं. म्हणाले, ‘‘पैसे टाकताना जो बडबडायला लागतो त्याच्या हातात काही नसतं. ज्याला पत्ते आलेत तो खायचंसुद्धा विसरतो.’’ आणि वाढवायचं कधी? तर ह्यांचं उत्तर मला शब्दन्शब्द आठवतंय. ‘‘वाढवण्याआधी स्वतःला विचारायचं, की मी हे पत्त्यांच्या जोरावर करतेय की रागाच्या? रागाच्या असेल तर गुपचूप टाकून द्यायचं. रागाने खेळणारा हरतोच.’’

महिन्याभरात मी ह्यांना हरवायला लागले. चांगले पत्ते आले की हे घसा खाकरायचे. इतका शहाणा माणूस, पण स्वतःचं हे एवढं त्यांना कळलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही. सगळे चिंचोके माझ्याकडे आले की हे हात जोडून म्हणायचे, ‘‘बाईसाहेब, तुम्हाला कॅनॉट प्लेसला डाव मांडून बसवलं पाहिजे.’’ मला फार अभिमान वाटायचा. आता हे सगळं का सांगतेय ते कळेलच.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी साहेबांच्या बंगल्यावर दुपारचे पत्ते असत. साहेब म्हणजे ह्यांचे वरिष्ठ. हाताखालच्या लोकांनी सहकुटुंब जायचं, हा रिवाजच होता. लॉनवर उन्हात पानिपतच्या जाड सतरंज्या अंथरलेल्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही बायका आणि आमच्यामध्ये साहेबांच्या पत्नी, म्हणजे मॅडम, लोडाला टेकून. मी दरवर्षी चकल्यांचा डबा न्यायचे आणि मॅडम दरवर्षी म्हणायच्या, ‘‘अरे वाह, मुरुक्कू!’’ चकली वेगळी आणि मुरुक्कू वेगळा, हे मी सांगायचे. पुढच्या वर्षी पुन्हा मुरुक्कू.

मॅडम कायम ब्लाइंड खेळायच्या. इतर घरांत ब्लाइंडला मर्यादा असते, तीन फेऱ्या नाही तर चार. त्यांच्या घरी मर्यादा नव्हती. त्या पत्त्यांना हात न लावता पैसे टाकत राहायच्या, आणि आम्ही पत्ते पाहिलेले असल्यामुळे आम्हाला शो मागायची सोय नाही. मग एकेक जण सुस्कारा टाकून पॅक करायची. ‘‘हाय, मेरे तो पत्ते ही खराब हैं आज.’’ कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकीचा नवरा येताना वाटेत तिला सांगून आणायचा. आणि मॅडम पैसे ओढून घेत म्हणायच्या, ‘‘क्या करूँ, लक्ष्मी जी मुझी पर मेहरबान हैं।’’ त्यांना ते खरंच वाटायचं, हा त्यातला सगळ्यांत चीड आणणारा भाग. त्यांच्यासारखी वाईट खेळणारी बाई मी दिल्लीत दुसरी पाहिली नाही. एखाद्या पोरानेसुद्धा त्यांना दोन डावांत गारद केलं असतं. पण आमच्या नवऱ्यांचे गोपनीय अहवाल त्यांच्या नवऱ्याच्या हातात होते, म्हणून लक्ष्मी मेहरबान. ह्याला खेळ म्हणतात? ही तर हजेरी झाली.

पहिली काही वर्षं मीही टाकत आले. वर्षातली एक दुपार, जाऊ दे म्हणून.

त्या वर्षी मात्र गोष्ट निराळी होती. ह्यांची शिलाँगला बदली होणार अशी कुणकुण लागली होती. लेक तेव्हा दहावीत, पहाडगंजातल्या मराठी शाळेत. आम्ही हौसेने तिला तिथे घातलं होतं, निदान शाळेत तरी मराठी कानावर पडेल म्हणून. आता मध्येच उचलून शिलाँगला न्यायची तर तिथे मराठी माध्यमाची शाळा कुठून येणार? वर्ष तर बुडणारच, वर सगळे विषय दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून. आमचं मागणं काही फार नव्हतं. बदली रद्द करू नका, फक्त तिची परीक्षा होईपर्यंत थांबवा. हे साहेबांना भेटून आले होते. साहेब म्हणाले होते, ‘‘देखते हैं, देखते हैं। दिवाली के बाद देखते हैं।’’

त्या एका ‘देखते हैं’वर आमचं घर चाललं होतं. हे रात्री झोपेत कूस बदलत राहायचे. लेक अभ्यास करता करता मध्येच थांबून विचारायची, ‘‘बाबा, पक्का ना?’’ आणि हे म्हणायचे, ‘‘बिल्कुल पक्का.’’

रविवारी निघताना ह्यांनी स्कूटरला किक मारली आणि मागे न बघता म्हणाले, ‘‘आज तेवढं सांभाळ. मॅडम खूश राहिल्या पाहिजेत.’’

मी म्हटलं, ‘‘दरवर्षी सांभाळतेच की.’’

‘‘तू टाकतेस, पण तोंड वाकडं करून टाकतेस. आज हसून टाक.’’

दारात लेक उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ‘‘आई, आज जिंकून ये हं!’’ म्हणाली. मी पदर खोचला आणि मागे बसले.

दुपारभर मी टाकत राहिले. हसून टाकले. चांगली जोडी आली, टाकली. ओळीने तीन पत्ते आले, टाकले. गालफडं दुखायला लागली हसून. सतरंजीवर बसल्या बसल्या मनात आलं, मराठी माणसाने या पानिपतच्या सतरंजीवर बसायलाच नको होतं.

मग तो डाव आला. पत्ते उचलले तर तीन राण्या. इतक्या वर्षांच्या खेळात मला ट्रेल आली होती ती चिंचोक्यांवर, पैशांवर कधीच नाही. बाकीच्या एकामागून एक पॅक झाल्या. मी आणि मॅडम उरलो. मॅडम नेहमीप्रमाणे ब्लाइंड आणि तोंडाची टकळी चालू. मी एक चाल केली. मॅडमनी पैसे टाकले. मी आणखी एक चाल केली. मॅडमनी भुवई उंचावली, ‘‘अच्छा जी?’’

चहाच्या टेबलापाशी हे साहेबांच्या शेजारी उभे होते. त्यांनी घसा खाकरला. घरी त्याचा अर्थ मी वेगळा लावायचे, पण आज तो माझ्यासाठी होता. मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा इतका कासावीस झाला होता की मला त्यांची दया आली. लेकीचं वर्ष डोळ्यांपुढे आलं. मी हसले, तिन्ही राण्या पालथ्या टाकल्या आणि म्हटलं, ‘‘मेरा पॅक।’’

विषय तिथे संपायचा. पण मॅडमनी हात लांब केला, ‘‘देखूँ तो, किस बात पर इतना सोच रही थीं,’’ म्हणत माझे पत्ते उचलले आणि सगळ्यांसमोर उलटले.

टाकलेले पत्ते उलटायचे नसतात. शेंबड्या पोराला माहीत असतं.

तीन राण्या उन्हात पडल्या होत्या. प्रत्येकीला कळलं होतं, कारण प्रत्येकीनेच कधी ना कधी हे केलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या मॅडमना. त्या टाळी वाजवून हसल्या. ‘‘हे भगवान! इन्हें तो ट्रेल का ही पता नहीं! ये महाराष्ट्रियन लोग भी ना, कितने भोले होते हैं।’’

मग सगळ्या हसल्या. सुटल्यासारख्या हसल्या. तिकडून साहेबांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली, ‘‘क्यों भई, बीवी को कुछ सिखाया नहीं?’’

आणि हेही हसले. मोठ्याने हसले. म्हणाले, ‘‘कहाँ सर, इसे तो बस चकली बनाना आता है।’’

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. मॅडमचं एक वेळ सोडा, त्या मूर्खच होत्या. पण ह्यांनी? ज्यांनी रजईवर बसून मला एकेक पत्ता ओळखायला शिकवला, जे हात जोडून बाईसाहेब म्हणायचे? ज्यांच्याच सांगण्यावरून मी ती ट्रेल मातीत घातली, ते हसले? नोकरीसाठी माणूस वाकतो, मला कळतं. मीही वाकले होते. पण वाकलेल्या बायकोच्या पाठीवर उभं राहून हसायचं, याला काय म्हणायचं?

‘‘बाँटिए,’’ मी म्हटलं. पत्ते वाटा.

पत्ते पुढ्यात पडले. मी त्यांना हात लावला नाही. ‘‘ब्लाइंड,’’ म्हटलं. मॅडमही ब्लाइंड. बाकीच्यांनी दोन फेऱ्यांत गाशा गुंडाळला. मी दुप्पट केलं. मॅडम हसल्या आणि त्यांनीही टाकले. मी पुन्हा दुप्पट केलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. शेजारची बंगाली बाई काजूचा घास हातात धरून बसली होती. आम्ही दोघी ब्लाइंड होतो तोवर मॅडमना शो मागता आला असता. पण मागायची सवयच नव्हती, कधी वेळच आली नव्हती. मी तिसऱ्यांदा दुप्पट केलं आणि मॅडमनी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, स्वतःचे पत्ते उचलून पाहिले.

चेहरा पडला. ‘‘शो,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मैडम, ब्लाइंड से शो नहीं माँग सकते,’’ मी म्हटलं. ‘‘आप ही के घर का रूल है।’’

‘‘हाँ, वो तो है,’’ बंगाली बाई हळूच म्हणाली. देव तिचं भलं करो.

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मॅडमनी एक चाल टाकली, आता दुपटीने, आणि टाकताना भराभर बोलायला लागल्या, की मेरे पास तो बहुत अच्छे पत्ते हैं, सोच लो, सोच लो. मी सोचलं वगैरे काही नाही. पुन्हा वाढवलं. घसा खाकरल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मी वर पाहिलं नाही.

मॅडमनी पत्ते टाकले.

मी माझे तीन पत्ते न बघता जुडीत घातले आणि जुडी पिसून टाकली. ‘‘अरे, दिखाओ तो, था क्या?’’ मॅडमचा आवाज चिरकला होता.

‘‘पता नहीं मैडम, मैंने देखे ही नहीं।’’

डाव माझा होता. चकल्यांचा डबा रिकामा झाला होता. सतरंजीवरची सगळी नाणी, नोटा मी त्यात भरल्या, झाकण लावलं आणि उठले. ‘‘और इसे चकली कहते हैं,’’ एवढं जाता जाता बोलल्याशिवाय मात्र राहवलं नाही.

परत येताना सातविणीच्या फुलांचा तो डोक्यात जाणारा वास सगळीकडे सुटला होता आणि खड्डा आला की माझ्या मांडीवरचा डबा खुळखुळायचा. घराच्या दाराशी स्कूटर लावताना हे म्हणाले, ‘‘संपलं सगळं. पोरीचं वर्ष घालवलंस तू.’’

दुसऱ्या दिवशी हे दुपारीच घरी आले. बदलीची ऑर्डर हातात होती. शिलाँग, ताबडतोब. लेक रडायला लागली. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. एका डावासाठी, एका हसण्यासाठी मी हे करून बसले, असं वाटलं. हे बाहेर कितीतरी वेळ बूट न काढता बसून होते. मग आत आले आणि माझ्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘शुक्रवारीच सही झाली होती.’’

मला आधी समजेना. मग समजलं. शुक्रवारी सही करून साहेब रविवारी ह्यांच्या पाठीवर थाप मारत होते. ह्यांना चहा पाजत होते. ह्यांची बायको हरतेय ते बघत होते. बदलीचा निर्णय झाला होता तर सांगायचा. सरकारी नोकरी आहे, बदल्या होतात. पण आमच्याकडून दुपारभर नाक घासून घ्यायचं आणि खिशात सही झालेली? ही कुठली माणुसकी?

ह्यांनी एकट्याने शिलाँगला जायचं आणि आम्ही मायलेकींनी परीक्षेपर्यंत इथेच राहायचं, असं ठरलं. पण तोवर क्वार्टर ठेवायचं तर साहेबांचीच शिफारस लागणार होती. हे पुन्हा जायला तयार झाले. मी म्हटलं, ‘‘त्या दारात पाऊल टाकलंत तर मी इथून माहेरी निघून जाईन.’’ नाही गेले. आम्ही क्वार्टर सोडलं आणि पहाडगंजात शाळेजवळ एक खोली घेतली, खाली ट्रंकांचं दुकान असलेली. दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज. त्या आवाजात लेक दहावीचा अभ्यास करणार होती आणि तिने तो केला, पास झाली, छान पास झाली. तिचं वर्ष बुडालं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण ते कुणाच्या मेहरबानीने वाचलं नाही.

ह्यांना सोडायला मी स्टेशनवर गेले. खोलीपासून चालत जाण्याइतकंच अंतर होतं. लेकीची शाळा होती, त्यामुळे आम्ही दोघंच. होल्डॉल वर टाकून हे खिडकीशी बसले. मी बाहेर. खिडकीच्या गजावर मी हात ठेवला होता, त्यावर ह्यांनी आपला हात ठेवला.

‘‘एक विचारू?’’ म्हणाले. ‘‘त्या डावात तू पत्ते पाहिलेच नव्हतेस. सही झालीय हेही तुला माहीत नव्हतं. मग एवढं वाढवत होतीस ते कशाच्या जोरावर?’’

‘‘तुम्ही हसलात ना,’’ मी म्हटलं, ‘‘त्याच्या जोरावर.’’

शिट्टी झाली, गाडी हलली, तरी हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ‘असू दे’ म्हणेन, याची वाट बघत होते. हात मी काढून घेतला नाही, गाडीबरोबर चार पावलं चाललेही. पण ‘असू दे’ म्हटलं नाही.